नर्स डेचा सलाम नको, रात्रपाळीचा तक्ता दाखवा

आज १२ मे. जागतिक परिचारिका दिन. सकाळपासून मोबाईल उघडला की एकच, हातात दिवा घेतलेली बाई, खाली गुलाबाचं फूल आणि "सिस्टर, तुमच्या सेवेला सलाम". नेत्यांचे बॅनर आलेत, संघटनांचे आलेत, आमच्या भंडाऱ्याच्या गल्लीतल्या दादा-भाऊंचेही आलेत. वाईट काही नाही. पण मित्रांनो, खरं सांगू का? भंडारा जिल्ह्यात राहून हे सलाम वाचताना घशात काहीतरी अडकतं.

कारण आपल्याकडे आणखी एक तारीख आहे. ९ जानेवारी २०२१.

त्या शनिवारी पहाटे, रात्री दीड-दोनच्या सुमारास, आपल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या कक्षात आग लागली. आत १७ बाळं होती. दवाखान्यातल्या लोकांनी आणि अग्निशमनच्या जवानांनी ७ बाळं बाहेर काढली. १० गेली. त्यातली तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून, असं सरकारनेच तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री आले. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी शोक व्यक्त केला. राज्याने ५ लाख जाहीर केले, केंद्राने २ लाख. आठवडाभर टीव्हीवर भंडारा, भंडारा.

आता पाच वर्षं उलटून गेली. दर १२ मेला सलाम येतात, पण ९ जानेवारीला कोणाचा एक मेसेज येत नाही. म्हणून आज लिहितोय. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. शाळेत शिकवतो. पण माझी मोठी बहीण जन्मभर उपकेंद्रात नर्स होती, त्यामुळे हे काम घरात बसून जवळून पाहिलंय. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

आधी तो कक्ष म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी त्याचं फक्त बंद दार पाहिलंय.

त्याला एसएनसीयू म्हणतात, म्हणजे विशेष नवजात शिशू दक्षता कक्ष. कमी दिवसांचं, कमी वजनाचं, जन्मताच न रडलेलं, श्वास लागलेलं, कावीळ झालेलं, जंतुसंसर्ग झालेलं बाळ इथे येतं. त्यात दोन भाग असतात. त्याच दवाखान्यात जन्मलेली बाळं एका भागात, त्याला इनबॉर्न म्हणतात. बाहेरून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, ग्रामीण रुग्णालयातून, खाजगीतून किंवा घरून आणलेली दुसऱ्या भागात, तो आऊटबॉर्न. त्या रात्री आग आऊटबॉर्नमध्ये लागली. गेलेली दहाही बाळं तिथली. वाचलेली सात इनबॉर्नची.

म्हणजे बघा, ती सगळी रेफर झालेली लेकरं होती. तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर इथल्या कुठल्याही घरात कमी वजनाचं बाळ झालं की गाडी याच दाराशी येऊन थांबते. ज्यांच्याकडे नागपूरच्या खाजगी दवाखान्याचे पैसे असतात ते पुढे निघून जातात. उरतात ते रोवणीला जाणारे, विटाभट्टीवर राबणारे, बांधकामावर मजुरी करणारे. आपल्याकडे बाई आठव्या-नवव्या महिन्यातही चिखलात वाकून धान रोवते. अंगात रक्त कमी. त्यात आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. त्यामुळे बाळ दीड-पावणेदोन किलोचं होणं ही नशिबाची गोष्ट नसते, त्याला कारणं असतात. आणि अशा बाळासाठी या जिल्ह्यात तोच एक कक्ष असतो.

आता त्या कक्षात बाळ कोण जगवतं? डॉक्टर तपासतो, औषध ठरवतो, ते महत्त्वाचंच. पण पुढचे चोवीस तास ते बाळ सिस्टरच्या हातात असतं. दर दोन-तीन तासांनी नळीने दूध, तेही मिलीमध्ये मोजून. अंगाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस सेल्सिअसच्या मध्ये आहे का ते बघायचं. बाळ गार पडलं तर साखर उतरते, साखर उतरली तर श्वास थांबतो. सलाईनचा थेंब जास्त गेला तरी धोका. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला इजा, जास्त झाला तर डोळ्यांना. शिवाय प्रत्येक बाळाला हात लावायच्या आधी हात धुवायचे. शिवाय रजिस्टर, ऑनलाईन नोंदी, बाहेर बसलेल्या आजीला समजावणं, आईला दूध काढायला शिकवणं. असं बाळ रडून सांगत नाही. ते शांतपणे निळं पडतं. म्हणून तिथे यंत्रापेक्षा माणसाची नजर लागते.

आणि ही नजर किती बाळांवर असावी याचा हिशेब सरकारनेच करून ठेवलाय. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा कक्षात प्रत्येक पाळीला तीन ते चार बाळांमागे एक सिस्टर हवी. दिवसाच नव्हे, रात्रीसुद्धा. चार बाळांमागे एक धरली तरी १७ बाळांना एका पाळीत पाच सिस्टर लागतात. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण, स्वतः सिस्टरची बाळंतपणाची रजा, हे सगळं धरलं की आकडा वीसच्या वर जातो.

त्या रात्रीनंतर कारवाई काय झाली ते आठवा. नागपूर विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जानेवारी संपायच्या आत कारवाई जाहीर झाली. जिल्हा शल्यचिकित्सक, एक वैद्यकीय अधिकारी आणि कक्षाच्या प्रभारी सिस्टर निलंबित. आणखी एका अधिकाऱ्याची बदली. कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी सिस्टर यांची सेवाच समाप्त. फेब्रुवारीत पोलिसांनी गुन्हा दाखल केला, तो दोन सिस्टरवर. आरोप हा की आग लागली तेव्हा त्या बाळांजवळ नव्हत्या.

मी इथे कोणाची वकिली करत नाही. बाळांच्या खोलीत त्या क्षणी कोणी नसेल तर ती साधी चूक नाही. ज्या मायचं लेकरू गेलं तिला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि दोष कोणाचा किती हे ठरवायला कोर्ट आहे. पण त्या कारवाईची उतरंड नीट बघा. कायम नोकरीवाला निलंबित होतो, म्हणजे पुढे परत येण्याची वाट असते. बदलीवाला दुसऱ्या गावी जातो. कंत्राटी बाई थेट घरी जाते. आणि पोलीस ठाण्याच्या कागदावर नाव चढतं ते सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बायांचं.

त्या खोलीत आग विझवण्याची यंत्रणा होती का, धुराचा इशारा देणारा भोंगा होता का, हे प्रश्न वर्तमानपत्रांनी तेव्हाच विचारले होते. आग-सुरक्षेचं काम मंजुरीविना पडून होतं, अशा बातम्याही राज्यभर छापून आल्या. भोंगा बसवणं सिस्टरच्या हातात असतं का? वायरिंग तिने केलं होतं का? ड्युटीचा तक्ता तिने मंजूर केला होता का? त्या रात्री तक्त्यावर किती नावं होती आणि नियमाने किती हवी होती, हा पहिला प्रश्न असायला हवा होता. आपण तो विचारला नाही. आपणही "सिस्टर कुठे होत्या" एवढ्यावरच थांबलो.

कायद्याचं सांगतो. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा २००६ चा कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. लग्नाच्या हॉलला, मॉलला विचारतात तसं दवाखान्यालाही विचारायचं असतं.

आणि एसएनसीयूची खोली आगीसाठी इतर वॉर्डांपेक्षा जास्त धोक्याची असते. तिथे वॉर्मर, कावीळ उतरवणारे दिवे, पंप, एसी चोवीस तास चालू. एका भिंतीवर वायरींचं जाळं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण जास्त, त्यामुळे ठिणगीचा भडका व्हायला वेळ लागत नाही. गारवा लागू नये म्हणून खिडक्या बंद, त्यामुळे धूर बाहेर जात नाही. आणि पेशंट असा की तो उठून पळू शकत नाही. नळ्या सोडवून एक सिस्टर एका खेपेत फार तर दोन बाळं उचलेल. आता पाच जणी हव्यात तिथे दोघी असतील तर किती खेपा होतात आणि धूर तेवढा वेळ देतो का, याचं गणित पाचवीचं पोरगंही करेल. म्हणजे सिस्टरची संख्या हा पगाराचा प्रश्न नाही, तोच आग-सुरक्षेचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, भंडाऱ्याचं झालं ते झालं, त्यातून राज्य शिकलं असेल. बघा काय शिकलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग. नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आग, आणि तिथेही अटक झालेल्यांमध्ये सिस्टर होत्या. दोनच दिवसांनी भोपाळच्या कमला नेहरू रुग्णालयात बाळांच्या कक्षात आग. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या विवेक विहारमध्ये बाळांचा दवाखाना जळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये झाशीच्या मेडिकल कॉलेजात पुन्हा बाळांचाच कक्ष, पुन्हा रात्र, आणि त्या रात्री पुन्हा दहा बाळं. झाशीची बातमी आली तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या दहा मायांना काय वाटलं असेल?

आणि आगच कशाला पाहिजे? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ जण गेले, त्यातली १२ नवजात होती. तिथे ठिणगीही पडली नव्हती. माणसं कमी, औषधं कमी आणि रेफर होऊन आलेल्यांची गर्दी, हीच चर्चा तेव्हाही झाली. आगीत गेलेलं बाळ बातमी होतं. एका सिस्टरकडे आठ बाळं असताना गार पडून गेलेलं बाळ रजिस्टरमधली एक ओळ होतं.

आता दुसरी बाजू सांगतो, नाहीतर नुसती रड होईल. हे काम नीट केलं तर बाळं जगतात, आणि हे आपल्या शेजारच्या गडचिरोलीनेच जगाला दाखवलंय. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा. त्या गावांतले नवजात मृत्यू ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते ना, त्याचं मूळ तिथे आहे. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० च्या सरकारी नोंदणीनुसार हजारी ११ होता, देशाचा २० होता. हा फरक भाषणांनी पडला नाही. उपकेंद्रातली नर्सबाई, आशाताई आणि एसएनसीयूतली सिस्टर यांच्या हातांनी पडला.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. त्या रात्री बाळं आत होती आणि आया बाहेर होत्या. एसएनसीयूची रीतच तशी. आईने ठरलेल्या वेळी यायचं, दूध द्यायचं, निघायचं. मग रात्रभर जिन्यात, व्हरांड्यात बसायचं. टाके ओले, पदर दुधाने भिजलेला, आणि मध्ये बंद दार.

ही रीत बदलायला पाहिजे हे आता विज्ञानच सांगतंय. भंडाऱ्याच्या आगीनंतर चारच महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. भारतासह पाच देशांत तीन हजारांवर कमी वजनाच्या बाळांवर तो झाला होता, आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंगमध्ये. बाळ जन्मल्यापासूनच, ते अजून अस्थिर असतानाच, आईच्या उघड्या छातीशी ठेवलं. त्यासाठी आईची खाट कक्षाच्या आतच घेतली. पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आई आत आली की जंतुसंसर्ग वाढेल ही जुनी भीती, पण तो उलट कमी दिसला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने याची शिफारस केली. याला कांगारू मदर केअर म्हणतात. कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. लागते ती जागा, खाट, आणि आईला शिकवायला वेळ असलेली सिस्टर.

इथे एक सावधगिरीही सांगतो. "आई आहे ना आत, मग सिस्टर कशाला एवढ्या?" असं म्हणणारा बाबू उद्या नक्की निघेल. त्याला आत्ताच सांगून ठेवू. आई सिस्टरच्या जागी नाही, आई सिस्टरच्या सोबत. बाळंतीण बाई पंप चालवणार नाही, सलाईन लावणार नाही. पण बाळाजवळ एक जास्तीची नजर राहील, आणि धूर दिसला तर पहिली हाक तीच मारेल.

मग आता करायचं काय? सरकारकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं आहे. मी पाच साध्या गोष्टी मागतो, आणि यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही.

१. प्रत्येक एसएनसीयूच्या दाराबाहेर एक फळा. त्यावर रोज प्रत्येक पाळीला लिहा, आत किती बाळं, ड्युटीवर किती सिस्टर, नियमाने किती हव्यात. खडूचा खर्च आहे फक्त.

२. जानेवारी आणि जुलैचं आग-सुरक्षेचं प्रमाणपत्र त्याच भिंतीवर लावा. वॉर्मरची शेवटची दुरुस्ती-तपासणी कधी झाली ती तारीखही.

३. बाळं बाहेर काढण्याचा सराव रात्री करा, दुपारी फोटो काढण्यापुरता नको. सिस्टर, डॉक्टर, सफाई कर्मचारी, गार्ड सगळे. बाळांच्या जागी बाहुल्या ठेवा, घड्याळ लावा आणि किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा.

४. कक्षाला लागून आयांसाठी खाटा. जिथे जागा आहे तिथे आतच.

५. बाळांच्या कक्षातली पदं कायम भरा. अकरा महिन्यांच्या करारावर राबणाऱ्या बाईच्या हातात आपण दीड किलोचा जीव देतो. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच कंत्राटी कर्मचारी कायम करा म्हणून संपावर गेले होते. आपण तेव्हा "पेशंटचे हाल" एवढंच वाचलं.

आणि हे मागायचं कोणाकडे? प्रत्येक सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते, आपला लोकप्रतिनिधी तिथे बसतो, त्याला विचारा. जिल्हा नियोजन समितीत किती निधी आरोग्याला आणि त्यातला किती सभागृह-कमानींना गेला ते विचारा. माहितीचा अधिकार आहे, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. ग्रामसभेत ठराव घ्या. आपल्या जिल्ह्यात सातच तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून चार अर्ज गेले तरी साहेबांना फाईल काढावी लागेल.

एक विनंती आपल्यालाही. दवाखान्यात गेलो की सगळा राग सिस्टरवर काढायची आपली सवय आहे. डॉक्टर साहेबाला "सर, सर", आणि सिस्टरला "ए बाई, किती वेळ?" ती एकटी आठ बाळांमागे धावत असेल तर तिच्यावर ओरडून नववी मिळणार नाही. तिच्या बाजूने उभं राहून दुसरी सिस्टर मागितली तर मिळू शकते. आणि हेही तेवढंच खरं की सिस्टर पुरेशा असताना कोणी बाळाकडे दुर्लक्ष केलं, पैसे मागितले, बाळंतिणीला घालून-पाडून बोललं, तर तिथेही आपण गप्प बसायचं नाही. माणसं पूर्ण द्यायची आणि मग काम पूर्ण मागायचं. अर्धी माणसं देऊन पूर्ण शिक्षा करायची, याला न्याय म्हणत नाहीत.

मार्च २०२० मध्ये आपण अंगणात उभं राहून यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. वर्ष व्हायच्या आत त्यांच्यातल्याच दोघींवर गुन्हा दाखल करून आपण विषय संपवला. त्या दहा घरांतली लेकरं आज पाच वर्षांच्या वरची असती. त्यांची शाळेत नावं घालायची वेळ आली असती.

म्हणून आज सलामाचा फोटो टाकणाऱ्या प्रत्येक नेत्याच्या पोस्टखाली एकच प्रश्न लिहा. "साहेब, आज रात्री आपल्या जिल्ह्याच्या बाळांच्या कक्षात बाळं किती आणि सिस्टर किती?"

आकडा आला तर इथे कॉमेंटमध्ये टाका. नाही आला तर अर्ज करू. अर्जाचा नमुना मी तयार करून ठेवलाय, पाहिजे त्याने मेसेज करा.